लग्न आमचे, गाणे कोणाचे?



नाताळ आटोपला की प्रायश्चित्तकाळ लागेपर्यंत आपल्या वसईत लग्नांची एकच घाई असते. हॉल, बँड, केटरर, व्हिडिओ शूटिंग यांचे बुकिंग कित्येक महिने आधी होते. मिस्साची गाणी मात्र शेवटच्या आठवड्यात ठरतात आणि नेमका तेव्हाच वाद होतो. नवरीला सिनेमातले एखादे गाणे हवे असते, गायनमंडळ नकार देते, प्रकरण फादरांकडे जाते आणि घरात कोणीतरी चिडून विचारतो, "लग्न आमचे आहे ना? मग गाणे आमच्या आवडीचे का नको?"

हा प्रश्न उद्धटपणाचा म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. पण त्यात तथ्य आहे. आपल्या लॅटिन परंपरेत विवाहसंस्कार देणारे फादर नसतात. वर आणि वधू हेच एकमेकांना हा संस्कार देतात. फादर त्यांची संमती विचारतात आणि ख्रिस्तसभेच्या वतीने ती स्वीकारतात. दुसऱ्या कोणत्याही संस्कारात तुमच्याआमच्यासारख्या प्रापंचिकांना हा मान सहसा मिळत नाही. मग ज्यांच्या तोंडच्या शब्दाने संस्कार घडतो त्यांना गाण्यात काही म्हणायचे नाही, असे कसे म्हणता येईल?

पण जरा पुढे पाहू. तो तोंडचा शब्द त्यांनी स्वतः रचलेला असतो का? नाही. सुखदुःखात, आजारपणात, मरेपर्यंत साथ देण्याचे ते वचन ख्रिस्तसभा त्यांच्या हाती देते. त्यांच्या आईवडिलांनीही तेच दिले होते. त्या वेळी कोणी म्हणत नाही की, आमचे लग्न आहे, वचन आमच्या आवडीचे हवे. उलट, आपल्याआधी अनेकांनी ते उच्चारले आणि निभावले, याचाच आधार वाटतो. दिलेले वचन आपले होते ते स्वतः रचल्याने नव्हे, मनापासून उच्चारल्याने. गाण्याचेही तसेच असावे असे मला वाटते.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 1963 साली उपासनेवरील आपल्या दस्तऐवजात संगीताला उपासनेचा अविभाज्य भाग मानले. हे आपण नीट लक्षात घेतलेले नाही. हॉलमध्ये संगीत असते ते जेवताना ऐकायला. मिस्सात मात्र गाणे हीच प्रार्थना असते, आणि ती सगळ्यांची असते. विवाहविधीच्या 1990 सालच्या सुधारित लॅटिन आवृत्तीच्या प्रस्तावनेत गाण्यांविषयी अगदी थोडे सांगितले आहे: गाणी त्या विधीला साजेशी असावीत, त्यांतून ख्रिस्तसभेची श्रद्धा प्रकट व्हावी, आणि प्रतिसाद स्तोत्राकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे प्रवेशगीतावर तासभर चर्चा होते आणि प्रतिसाद स्तोत्र कोणीतरी घाईघाईने वाचून टाकतो! देवाचे भय बाळगणाऱ्याच्या घराचे, द्राक्षवेलीसारख्या पत्नीचे आणि मेजाभोवती जैतुनाच्या रोपांसारख्या बसलेल्या मुलांचे चित्र रंगवणारे 128वे स्तोत्र विवाहाच्या नेमलेल्या स्तोत्रांत आहे. याहून घरगुती गाणे कोणत्या सिनेमात मिळणार?

प्रेमगीत अपवित्र असते म्हणून ते नको, असे काही जण म्हणतात. ते मला पटत नाही. गीतरत्न हे पुस्तक पवित्र शास्त्रातच आहे आणि त्यातले उतारे विवाहाच्या वाचनांत नेमलेले आहेत. अडचण वेगळीच आहे. सिनेमातले गाणे बहुधा 'मला काय वाटते' ते सांगते. वेदीपुढचे वचन 'मी काय करीन' ते सांगते, आणि तेही आज वाटते तसे उद्या वाटेनासे झाले तरी. त्या वचनाच्या शेजारी गायचे गाणे वचनाएवढे खरे हवे. शिवाय 'तुझ्याशिवाय माझे कोणी नाही' अशा अर्थाचे गाणे देवासमोर उभे राहून कसे म्हणायचे? आणि शेवटच्या बाकावरच्या आजीने त्यात काय म्हणायचे? त्या गाण्यात तिला जागाच नाही. ती फक्त प्रेक्षक उरते.

"पण मनातला भाव चांगला असला म्हणजे झाले ना?" या युक्तिवादाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. नवरी आत येताना की-बोर्डवर जी धून वाजते ती बहुतेकांना चर्चचीच वाटते. ती रिचर्ड वॅग्नर यांच्या 'लोहेनग्रीन' या संगीत नाटकातली आहे. 1850 साली जर्मनीतील वायमार येथे त्याचा पहिला प्रयोग झाला. नाटकात लग्न लागून गेल्यावर जोडप्याला शयनगृहात पोहोचवताना ते गाणे गातात आणि लवकरच तो संसार मोडतो. नवरा सोडून जातो, नवरी प्राण सोडते. बाहेर पडताना वाजणारी दुसरी धून मेंडेल्सोन यांनी शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' या सुखान्तिकेसाठी 1842 साली रचली. 1858 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलीच्या लग्नात ती वाजली आणि तिची प्रथा पडली. म्हणजे दोन्ही धून रंगभूमीवरून आलेल्या. त्यातही मौज अशी की, मेंडेल्सोन ज्यू घराण्यातले म्हणून वॅग्नर यांनी त्याच 1850 साली त्यांच्यावर कडवट लेख लिहिला होता. आता ते दोघे जगभरच्या लग्नांत जोडीने वाजतात!

शूबर्ट यांच्या 'आवे मारिया'ची कथा याच्या उलट आहे. 1825 साली त्यांनी ती चाल वॉल्टर स्कॉट यांच्या काव्यातील एका मुलीच्या प्रार्थनागीताला दिली. आपली लॅटिन प्रार्थना तिच्यावर नंतर बसवली गेली, आणि आज ती ऐकताना कित्येकांचे हात आपोआप जुळतात. आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली ख्रिस्तपुराण छापले ते याच मातीतल्या ओवीत. रेव्हरंड टिळकांनी अभंगातून ख्रिस्ताला आळवले. तेव्हा गाणे कुठून आले यावरून त्याला चर्चच्या दारात अडवू नये. ते काय बोलते आणि सारी मंडळी ते मनापासून म्हणू शकते का, हे पाहावे. अमेरिकेतील काही धर्मप्रांतांत त्या दोन्ही धून चालत नाहीत. वसईत मी त्यावर अडून बसणार नाही, कारण इथे ते नाटक कोणाला आठवते? पेन ड्राइव्हवर आणलेल्या 'ट्रॅक'वर मात्र मी अडून बसेन. ग्रामोफोन किंवा टेपसारखी आपोआप वाजणारी साधने उपासनेत नकोत, असे रोमने 1958 सालीच सांगितले होते. यंत्र आपल्या वतीने प्रार्थना करू शकत नाही, इतके साधे ते कारण आहे.

आता एक अवघड गोष्ट. समजा, एका मुलीचे वडील नुकतेच वारले आहेत. ते रोज संध्याकाळी एक जुने चित्रपटगीत गुणगुणत आणि तिला ते मिस्सात हवे आहे. तिला नियमावली वाचून दाखवणारा माणूस नियमाने बरोबर असेल, पण त्याने तिचे ऐकून घेतलेले नसते. मला वाटते, तिच्याशी निवांत बसून बोलावे. ते गाणे मांडवात गावे, हॉलमध्ये गावे, आणि ते ऐकताना घर रडले तरी रडू द्यावे. आपल्या बायका मांडवात बोलीभाषेतली लग्नगीते गातात, ती आपण मिस्सात आणत नाही. त्यांत त्यांचा अपमान नाही, ती त्यांची जागा आहे. आणि मिस्सात वडिलांचे नाव विश्वासू लोकांच्या प्रार्थनेत घ्यावे. गाण्यातून तिला वडिलांची आठवण मिळाली असती. प्रार्थनेत सारा धर्मग्राम तिच्या वडिलांसाठी देवाकडे मागतो. मुलगी तरीही खट्टू होईल कदाचित. तेवढे सोसायची तयारी नकार देणाऱ्याची हवी.

गायनमंडळांनाही चार शब्द. वधूवरांना सिनेमाचे गाणे नाकारायचे आणि आपण मात्र चार आवाजांत असे काही गायचे की मंडळींनी माना वळवून माळ्याकडे पाहत राहावे, हेही प्रदर्शनच आहे. आणि पैशांचे काय? एका लग्नात बाहेरून व्हायोलिन, गिटार, गायिका, आणि पुढच्याच शनिवारी रिक्षा चालवणाऱ्याच्या मुलीच्या लग्नात दोघी जणी कशाबशा दोन गाणी म्हणतात. संस्कार एकच. श्रीमंताला वाद्ये आणू नको असे मी म्हणत नाही, पण दुसऱ्या लग्नाला गायनमंडळ पूर्ण संख्येने हजर राहिले नाही तर पहिल्या लग्नातल्या गाण्याला मी प्रार्थना म्हणायला कचरेन.

मिश्र विवाहांत तर ही निवड आणखी जपून करावी. समोर बसलेल्या निम्म्या मंडळींनी कधी चर्च पाहिलेले नसते. सोपा पालुपद असलेले मराठी स्तोत्र असले की दुसऱ्या कडव्यापासून व्याहीही गाऊ लागतात.

ज्यांची लग्ने ठरली आहेत त्यांनी निदान दीड महिना आधी फादरांना आणि गायनमंडळाला एकत्र भेटावे. गाण्यांची यादी घेऊन येण्याआधी विवाहाची वाचने घरी बसून दोघांनी वाचावीत. गाण्यांचे कागद सगळ्या बाकांना पुरतील इतके छापावेत, अक्षर मोठे ठेवावे. आणि संमतीच्या वेळी की-बोर्ड पूर्ण बंद असू द्यावा. तेव्हा त्या दोघांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेला पाहिजे.