जवानाचं ताट आणि घरची पंगत

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



या महिन्याच्या चिंतनासाठी आम्ही सेवेकरी भगिनींनी अन्नाच्या नियमाचा विषय घेतला आहे. अन्नाचा नियम मोठा, की अंगावर घेतलेलं कर्तव्य मोठं? आणि हे ठरवायचं कुणी, खाणाऱ्याने की त्याच्याकडे बघणाऱ्यांनी? भरल्या पोटी यावर कितीही बोलता येतं. म्हणून जिथे हा प्रश्न उपाशीपोटी सोडवावा लागला, तिथलंच उदाहरण आम्ही घेतो.

पहिल्या महायुद्धात इराकमध्ये, म्हणजे तेव्हाच्या मेसोपोटेमियात, तैग्रिस नदीकाठच्या कुत या गावी हिंदुस्थानी फौज अडकली. डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत तुर्की सैन्याचा वेढा होता. ही फौज म्हणजे सहावी पूना डिव्हिजन. तीत 103, 110 आणि 117 या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. आज बेळगावात ज्या मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, तिचेच हे पूर्वज. म्हणजे ही गोष्ट लांबची असली तरी परक्यांची नाही.

त्या काळी शिपायाचा शिधा म्हणजे आटा, डाळ, तूप, गूळ, मीठ, आणि मिळेल तेव्हा बकऱ्याचं मांस. जात-धर्माप्रमाणे चुली वेगळ्या, भांडी वेगळी. वेढा लांबला तसं सगळंच आटत गेलं. जळण मिळेना. गावात साठवलेलं जव सापडलं, पण ते दळायचं कसं? तेव्हा विमानातून जात्याचे दगड खाली टाकले गेले! जात्यावर बसलेल्या आपल्या आज्यांना हे ऐकून नवल वाटलं असतं. शिपाई रानातला पाला खुडून भाजी करत. त्यातल्या काही पाल्याने माणसं आजारी पडली. शेवटी शेवटी पीठ माणशी दिवसाला चार-पाच औंसांवर आलं, म्हणजे साधारण 115 ते 140 ग्रॅम. आपल्या घरात एका माणसाच्या एका वेळच्या पोळ्यांना तेवढं लागतं.

शेवटी छावणीतले घोडे आणि खेचरं कापायची वेळ आली. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्लं. बहुतेक हिंदी शिपायांनी, हिंदू काय आणि मुसलमान काय, नकार दिला.

इथे एक गोष्ट स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या प्रत्येकीने लक्षात ठेवण्यासारखी आहे. गोऱ्या शिपायांना पांढऱ्या मैद्याच्या पावामुळे बेरीबेरी झाला, आणि कोंड्यासकट आटा पोटात जायला लागल्यावर तो ओसरला. हिंदी शिपायांना आट्यामुळे बेरीबेरी फारसा झाला नाही, पण ताजी भाजी नाही आणि ताजं मांसही नाही, म्हणून स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजायच्या, रक्त यायचं, जखमा भरायच्या नाहीत. एकाच्या ताटात दुसऱ्याचं औषध होतं.

सेनापती टाउनशेंड यांनी हिंदुस्थानातल्या हिंदू आणि मुसलमान धर्मगुरूंकडून तारेने परवानगी मागवली. अशा प्रसंगी हे मांस खाल्लं तर दोष नाही, असा निर्वाळा आला. तरीही पुष्कळ जण खाईनात. का? शास्त्राची भीती तर तारेने मिटली होती. उरली होती ती गावाची. घरी परतल्यावर पंगतीत पान मांडतील का? पाण्याला शिवू देतील का? बहिणीचं लग्न जमेल का? हजारो मैल दूर, गोळ्यांच्या माऱ्यात बसलेल्या त्या मुलांच्या ताटावर गावाची नजर होती.

एप्रिलमध्ये उपासमार असह्य झाली तेव्हा हजारोंनी ते मांस खायला सुरुवात केली. तोवर पुष्कळांची शक्ती गेलेली होती. 29 एप्रिलला फौजेने शरणागती पत्करली. सुमारे तेरा हजार माणसं कैदेत गेली, आणि अशक्त शरीराने वाळवंट तुडवताना, पुढे कैदेत, हजारो मेली.

आता विचार करू. ज्यांनी शेवटपर्यंत खाल्लं नाही त्यांना वेडे म्हणायला आमची जीभ धजत नाही. जीव पणाला लावून पाळलेल्या शब्दाला आपण हसू नये. पण खंदकातला शिपाई एकटा नसतो. एकाला उभं राहता येईना, की त्याचा पहारा शेजाऱ्यावर पडतो, आणि तो शेजारीही उपाशीच असतो. आपला नियम आपण आपल्या जिवावर पाळावा. त्याचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर जायला लागला, की तो नियम पुन्हा तपासायला हवा.

कसा तपासायचा, हे छांदोग्य उपनिषदातल्या उषस्ती ऋषींच्या गोष्टीत आहे. गारपिटीने कुरुदेशातलं पीक गेलं. भुकेल्या उषस्तींनी एका माहुताकडे त्याच्या ताटातलं उष्टं हलकं कडधान्य मागून खाल्लं. माहुताने पाणी पुढे केलं, तर ते नाकारलं, कारण ते उष्टं होतं. माहूत बुचकळ्यात पडला. धान्यही उष्टंच होतं की! उषस्तींचं म्हणणं असं, की ते खाल्लं नसतं तर जगलो नसतो. पाणी मात्र मला कुठेही मिळेल. किती नेमका हिशोब! गरज होती तेवढीच सूट घेतली, आणि गरज संपली तिथे नियम परत आला. आपद्धर्म म्हणजे मोकळीक नव्हे, ते मोजून घेतलेलं औषध आहे. आणि हे माप ऋषींनी स्वतः घेतलं. माहुताने नाही, गावानेही नाही.

आज काळ बदलला आहे. एका लंगरात सगळ्यांचा स्वयंपाक होतो आणि शाकाहारी जवानाचीही सोय असते. जवानांसाठी टिकाऊ, तयार जेवण शोधण्याचं काम म्हैसूरची संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा 1961 पासून करते आहे. सियाचीनसारख्या उंचीवर पाणी कमी उष्णतेतच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजत नाही. पाण्यासाठी बर्फ वितळवावा लागतो. तिथे भूकच मरते, आणि तरीही खावं लागतं, कारण न खाणारा माणूस सोबत्यांवर ओझं होतो. तिथे जेवण हीसुद्धा ड्यूटी आहे.

पण घरची नजर अजून तशीच आहे. जहाजावर नोकरी करणारा मुलगा, होस्टेलवरची नात, डॉक्टरांनी अंडं खायला सांगितलेली बाळंतीण, मधुमेह असूनही निर्जळी एकादशी करणारे आजोबा. यांच्याबद्दल फॅमिली ग्रुपवर एखादा टोमणा सहज टाकला जातो. टाकणारा विसरतो, ऐकणारा तो घासाघासाला आठवतो.

म्हणून आमची विनंती एवढीच. नियम आपण स्वतः पाळायचा, मनापासून आणि काटेकोर पाळायचा. दुसऱ्याच्या ताटात मात्र डोकावायचं नाही. आणि घरापासून दूर काम करणाऱ्या आपल्या माणसाला या आठवड्यात एकदा फोन करून सांगावं, "बाळा, तिथे जे मिळेल ते पोटभर खा. परत आलास की तुझं पान आमच्या शेजारीच मांडलेलं असेल."

कुतमधल्या त्या मुलांना हे सांगणारं कुणी नव्हतं. आपल्या मुलांना ते सांगणं आपल्या हातात आहे.

सर्वांना सद्गुरूचरणी सद्बुद्धी लाभो.

आपल्या सेवेकरी भगिनी