कातरवेळेचा फोटो

संध्याकाळी नदीचा फोटो काढण्यात कसला आला आहे धर्माधर्म, असे कोणीही विचारील. नदी कोणाच्या मालकीची नाही, सूर्यास्ताला तिकीट नाही, आणि हल्ली कॅमेरा तर ज्याच्या त्याच्या खिशात असतो. तरीही या साध्या गोष्टीत एक पेच आहे खरा.

वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांनी बांधलेला घाट आहे. काळ्या दगडाच्या पायऱ्या, काठावर देवळे, खाली कृष्णा. सूर्य मावळल्यावर आपल्याकडे उजेड जेमतेम २०-२५ मिनिटे रेंगाळतो. तेवढ्यात डोळा काय काय करामती करतो! तांबडा रंग आधी काळवंडतो, निळा मात्र उजळ भासू लागतो. पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने १८२५ साली हे लिहून ठेवले आहे. कॅमेऱ्याला कातरवेळ कळतच नाही. तिवईवर बसून तो आठ-दहा सेकंद उजेड साठवतो, आणि पायरीवर पसरलेले तांबडे लुगडे तांबडेच दाखवतो. खरे कोणते? हा प्रश्न मला फारसा छळत नाही. दोघांनी आपापली साक्ष द्यावी.

छळतो तो पुढचा प्रश्न. त्या दहा सेकंदांत जे हलते ते पुसले जाते. पाण्याचे दूध होते. धुणे आपटणाऱ्या बाईचे धुके होते. दागेरने १८३८ साली पॅरिसच्या एका रहदारीच्या रस्त्याचा फोटो घेतला, त्यात सारी वर्दळ नाहीशी झाली. बूट पुसून घ्यायला थांबलेला एक गृहस्थ तेवढा उरला!

तुमच्याही दिवाणखान्यात, निदान कॅलेंडरवर, असा एखादा घाट असेल. पाहुणे म्हणतात, "काय शांत आहे हो!" ही शांतता आली कुठून? त्या बाईची ती वेळ तर धांदलीची. पिळे बादलीत टाकायचे, दिवेलागणीच्या आत घर गाठायचे. यंत्राने तिला पुसले, त्याला मी दोष देत नाही. पण "बाई, जरा बाजूला होता का?" म्हणणारा भेटतो, तेव्हा मात्र माझे मन बिथरते. चित्रकारही नको ते गाळतोच की, असे कोणी म्हणेल. गाळतो, पण कागदावर. तिला तिच्या दगडावरून उठवत नाही.

बरे, तिला राहू द्यावे, तरी सुटका नाही. ओचा खोचलेला, अंग निथळते आहे. अशा रूपात परक्या भिंतीवर टांगलेले तिला रुचेल काय? तेव्हा विचारावे, हेच बरे. विचारले की ती धुणे खाली ठेवते, हात पुसते, पदर सारखा करते, शेजारणीला हाक मारते, आणि दोघी शाळेच्या गटफोटोत उभे राहावे तशा ताठ उभ्या राहतात. घाट गेला, कृष्णा गेली; उरल्या दोन हसऱ्या बायका. मला तोच फोटो आवडेल. मात्र एवढे होईपर्यंत उजेड बहुधा संपलेला असतो, आणि त्या विचारतात, "निघाला का?"