इस्तिखारा म्हणजे स्वप्नाची वाट पाहणे नव्हे



काही महिन्यांपूर्वी इशाच्या नमाजनंतर एक बांधव मशिदीत मागे थांबले. वय ३८, चाकणच्या एका कारखान्यात १५ वर्षांची नोकरी, दोन मुले, घरी वृद्ध आई. म्हणाले, "मौलाना, आता एम.बी.ए. करावे असे वाटते. फीसाठी बँकेचे कर्ज काढावे लागेल. सात रात्री इस्तिखारा केला, पण स्वप्न काही पडले नाही. काय करू?"

हा प्रश्न आज आपल्या अनेक घरांत आहे, म्हणून त्याचा येथे विचार करू.

इस्तिखाऱ्याची हदीस हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून सहीह बुखारीत आली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) आपल्या सोबत्यांना ही दुआ कुरआनची सूरह शिकवावी तितक्या काळजीने शिकवीत असत. दोन रकअत नफ्ल नमाज आणि त्यानंतर दुआ. त्यात स्वप्नाचा उल्लेखही नाही. दास आपल्या रबकडे इतकेच मागतो, की हे काम माझा धर्म, माझी उपजीविका आणि माझा परिणाम या तिन्ही दृष्टींनी हिताचे असेल तर ते माझ्यासाठी सुलभ कर. नसेल तर त्याला माझ्यापासून आणि मला त्याच्यापासून दूर कर. जे तीन निकष आपण अल्लाहपुढे मांडतो, त्यांवर आपणही प्रामाणिकपणे विचार करायला नको काय?

पहिला निकष धर्म. ज्ञान मिळविणे निषिद्ध नाही. हजरत यूसुफ (अलै.) यांनी मिसरच्या भांडारांची जबाबदारी मागितली, तेव्हा आपण रक्षण करणारे आहोत आणि जाणकारही आहोत, असे दोन्ही गुण सांगितले. व्यवस्थापन ही अमानत आहे आणि अमानतीला जाण लागते. परंतु मार्ग हलाल हवा. शैक्षणिक कर्जाचे हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर सुरू होतात, म्हणून अनेकांना तोवर व्याज नाही असे वाटते. प्रत्यक्षात व्याजाची मोजणी रक्कम उचलल्यापासूनच सुरू होते. अल्लाहने व्यापार हलाल आणि व्याज हराम ठरविले आहे. बढतीची इच्छा ही काही जीव वाचविण्याची निकड नव्हे.

दुसरा निकष उपजीविका. नियत स्वतःला विचारा. कामात एखादे ज्ञान खरोखर कमी पडते, की बरोबरीचा सहकारी पुढे गेला याची सल आहे? मी स्वतः आलिम झाल्यावर मराठीत बी.ए. केले, तेव्हा लोक विचारीत, "इमामाला हे कशाला?" माझ्यासमोर बसणाऱ्या मुलांना उर्दू खुत्बा समजेनासा झाला होता, गरज डोळ्यांसमोर होती. तुमची गरज तितकी स्पष्ट आहे का? मग हिशेब करा. पूर्णवेळ शिकायचे तर फीबरोबर बुडणारा पगारही खर्चातच धरावा लागतो. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठासारख्या ठिकाणी नोकरी सांभाळून एम.बी.ए. करता येते. आधी उंट बांधा, मग तवक्कुल करा, ही शिकवण तिर्मिजीतील हदीसमध्ये आहे.

तिसरा निकष परिणाम. हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी हजरत अबू दरदा (रजि.) यांना इबादतीच्या अतिरेकापासून रोखले होते, रबचा, स्वतःच्या देहाचा आणि कुटुंबाचा, ज्याचा त्याचा हक्क द्या, असे समजाविले होते. प्रेषितांनी (स.) त्यांचे म्हणणे खरे ठरविले. जिथे नफ्ल इबादतीसाठीही घरच्यांचा हक्क डावलता येत नाही, तिथे पदवीसाठी कसा डावलता येईल?

मी त्या बांधवांना विचारले, "सल्ला कोणाकोणाचा घेतला?" त्यांनी साहेबांचे, भावाचे, मित्रांचे नाव सांगितले. "आणि पत्नीचा?" ते गप्प झाले. ज्या माऊलीला दोन वर्षे मुलांचा अभ्यास आणि सासूचे औषधपाणी एकटीने सांभाळायचे, तिलाच कोणी विचारले नव्हते! हिजरी सन ६ मध्ये हुदैबियाच्या कठीण प्रसंगी स्वतः प्रेषितांनी (स.) आपल्या पत्नी हजरत उम्मे सलमा (रजि.) यांचा सल्ला मानला आणि पेच सुटला. आपण त्यांच्यापेक्षा शहाणे आहोत काय?

दोन महिन्यांनी ते पुन्हा भेटले. पत्नीने एकच गोष्ट विचारली होती, "वरच्या जागेसाठी पदवीच लागते, हे कार्यालयात विचारलेत का?" विचारल्यावर कळले, की अडसर पदवीचा नसून जमाखर्च व अंदाजपत्रक न कळण्याचा होता. आता ते तेवढेच शिकत आहेत आणि दरमहा थोडी रक्कम बाजूला टाकत आहेत. कर्ज न काढता फी जमली, तर पुढे एम.बी.ए.ही करतील. दुसऱ्या कोणाचा हिशेब वेगळा येईल, त्याने निःशंक प्रवेश घ्यावा.

सूरह आले-इमरानमध्ये क्रम स्पष्ट आहे: आधी मशवरा, मग ठाम निश्चय, मग अल्लाहवर भरवसा. इस्तिखाऱ्याची दुआ संपते तीही जे हिताचे ठरेल त्यावर मन राजी व्हावे, या मागणीने. प्रवेश मिळो वा न मिळो, हे राजी मन लाभणे हीच खरी कमाई होय.

अल्लाह आपणा सर्वांना लाभदायक ज्ञान, हलाल रिज्क आणि घरच्यांचे हक्क अदा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.