शर्यतीनंतरचा बैल

मृगाचा पाऊस कोंकणांत उतरला, कीं बैलगाड्यांच्या शर्यतींचा हंगाम संपतो. रत्नागिरीकडचीं मैदानें ओस पडतात आणि आम्हां शौकिनांस विचार करावयास सवड मिळते. जिंकलें तें कोणीं? मालकास मान मिळाला, आम्हांस आनंद मिळाला. बैलास मात्र आपण पहिले आलों याची वार्ताहि नसते.

१२ डिसेंबर २०२१ रोजीं अबूधाबीस मोटारशर्यतींच्या जागतिक अजिंक्यपदाचा निकाल अगदीं शेवटच्या फेरींत लागला. हरलेल्या हॅमिल्टननें विजयी व्हर्स्टापनचें अभिनंदन केलें. हार त्याची स्वतःची होती, कारण तो आपखुषीनें उतरला होता. बैल उतरत नाहीं, उतरविला जातो.

त्यानंतर चारच दिवसांनीं सर्वोच्च न्यायालयानें, २०१४ सालीं बंदी घातलेल्या आमच्या शर्यतींस सशर्त परवानगी दिली. २०२३ च्या मे महिन्यांत महाराष्ट्राचा कायदाहि वैध ठरला. शर्यती नसतील तर बैल पोसणार कोण, हा आमच्या बाजूचा मोठा युक्तिवाद होता. तो आम्हांस आजहि मान्य आहे. पण मग त्याचें ओझेंहि आमच्याच शिरावर येतें.

नियमानें चाबूक व पराणी वर्ज्य झालीं, पण तीं मैदानापुरतीं. गोठ्यांतल्या थकलेल्या, हरलेल्या बैलापुढें आषाढांत वैरण पडते कीं नाहीं, हें आम्हीं कधीं विचारलें आहे काय? नाहीं. टाळ्या मात्र प्रत्येक हंगामांत वाजविल्या. ज्याची आठवण हंगामाबरोबर संपते, त्याचें प्रेम वेगावर असतें, बैलावर नव्हे.