हात कोणी लावला?

दुसऱ्याची सोय पाहणारा माणूस चांगला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वडीलधाऱ्यांना उठावे लागू नये म्हणून पाण्याचा तांब्या त्यांच्या उशाशी ठेवणारा मुलगा गुणी ठरतो. मीही असेच मानीत आले आणि अजूनही बऱ्याच अंशी मानते. पण 2002 सालच्या दिवाळीत कॅलिफोर्नियात भाच्याच्या घरी एक लहानशी गोष्ट घडली, आणि तेव्हापासून कोणी माझी फार सोय करू लागले की मी थोडी सावध होते.

माझे मेहुणे आदल्या वर्षी गेले होते. थोरल्या बहिणीला, ताईला, एकटे वाटू नये म्हणून मुलाने सहा महिन्यांसाठी तिकडे नेले आणि सोबतीला मलाही दोन महिने बोलावून घेतले. मुलगा हौशी. घरातच त्याने छोटे थिएटर उभारले होते. मोठा टीव्ही, डीव्हीडी प्लेअर, व्हिडिओ कॅसेटचे यंत्र, अॅम्प्लिफायर आणि खोलीभर स्पीकर. मेहुण्यांच्या साठीशांतीची इकडे काढलेली कॅसेट तिकडच्या टीव्हीवर लागत नाही. आपली चित्रपद्धती वेगळी, त्यांची वेगळी. ती कॅसेट त्याने खटपट करून तिकडच्या पद्धतीत बदलून घेतली, तिची डीव्हीडी केली. एवढे प्रेमाने करणारा मुलगा तो. त्याचे दोष सांगायला मी बसलेले नाही, हे आधीच सांगून टाकते.

अडचण होती ती चार यंत्रांच्या चार रिमोटची. ताईचा त्यात गोंधळ उडे. म्हणून त्याने एक युक्ती केली. त्याच्या खिशात पाम नावाचा तळहाताएवढा संगणक असे. त्यात पत्ते, भेटीच्या वेळा, टिपणे. शेजारच्या माणसाच्या पामला आपले नावगाव पाठवता यावे म्हणून त्याला न दिसणाऱ्या तांबड्यापलीकडच्या किरणांचा एक डोळा होता. टीव्हीचा रिमोटही तसल्याच किरणांनी बोलतो. सेकंदाला सुमारे 38 हजार वेळा लुकलुकणाऱ्या प्रकाशाच्या लहानमोठ्या तुकड्यांची ती भाषा. भाच्याने एक आज्ञावली पाममध्ये घातली, एकेक रिमोट त्याच्यासमोर धरून एकेक बटण दाबले आणि पामने त्या सगळ्या खुणा पाठ केल्या. किरण मूळचा दुबळा, एका टेबलापलीकडे पोचेल एवढाच. तो लांब जावा म्हणून वर एक लहानसा जोड बसवला. मग काचेवर त्याने बटणे रेखली. त्यांतल्या एकावर रोमन अक्षरांत ‘आई’ असे लिहिले. सळईने ते टोचले की अॅम्प्लिफायर लागे, त्याचा कान डीव्हीडीकडे वळे, टीव्ही लागे आणि साठीशांत सुरू होई. चारही रिमोट त्याने जोड्याच्या खोक्यात भरले, त्यांतल्या बॅटऱ्या काढून घेतल्या आणि खोके माळ्यावर टाकले.

“आई, आता तुला काही शिकायलाच नको,” तो म्हणाला. ताई हसली. आम्हा सर्वांनाच फार बरे वाटले.

पाडव्याच्या दिवशी त्याला कचेरीच्या कामाने दोन दिवस बाहेरगावी जावे लागले. तिकडे पाडव्याची सुटी कोठली? पाम अर्थातच खिशात गेला. विमानाची वेळ आणि ज्यांना भेटायचे त्यांचे पत्ते त्यातच होते. दुपारी ताई सुनेला म्हणाली, “आज जरा यांची ती लावतेस का?” पाडवा होता. वेगळे काही सांगायची गरज नव्हती.

सूनबाईने पुष्कळ धडपड केली. यंत्रांच्या तोंडावरची बटणे दाबून तिने चित्र आणले; पण आवाज काही येईना. अॅम्प्लिफायरची खुंटी फिरवता फिरवता कुठलेसे अमेरिकन रेडिओ स्टेशन लागले, ते तिने घाईने बारीक केले. शेवटी ताई म्हणाली, “राहू दे ग, असंच पाहते.” मेहुणे पडद्यावर हसत होते, कोणाला तरी रागे भरत होते, आणि ताई मुकाट्याने पाहत होती.

तिसऱ्या दिवशी भाचा परत आला. आल्या आल्या त्याने ‘आई’ हे बटण टोचले. चित्र आले, आवाज नाही. पुन्हा टोचले, तर आवाज आला आणि टीव्ही बंद झाला. तो चटकन म्हणाला, “कोणी हात लावला याला?”

प्रश्न रागाचा नव्हता. वैद्य विचारतो तसा, रोगाचे कारण शोधण्यासाठी विचारलेला होता. पण खोलीतल्या तीन बायका एकदम अपराधी झाल्या. त्यांतली एक घरची मालकीण होती आणि एक त्याची आई.

कारण नंतर त्यानेच मला समजावून सांगितले. त्याच्या यंत्रांना ‘लाव’ आणि ‘बंद कर’ अशा दोन खुणा नव्हत्या, एकच होती: ‘आहेस तसा उलटा हो’. रिमोट नुसता बोलतो, त्याला ऐकू येत नाही. समोरचे यंत्र लागलेले आहे की नाही, हे त्याला कळायला मार्ग नाही. म्हणून एका बटणाची ती जादू तेव्हाच चाले, जेव्हा मागच्या वेळी ठेवले तसेच सारे जागच्या जागी असेल. सुनेने अॅम्प्लिफायर चालू ठेवला होता. ‘लाग’ म्हणून धाडलेल्या निरोपाने तो बंद झाला. “तेव्हा मावशी, कोणी हात लावला नाही ना, तर हे कधीच चुकत नाही.”

हे वाक्य मी फार दिवस मनात घोळवले. सगळ्यांसाठी केलेली सोय, आणि तिची अट अशी की बाकीच्यांनी हात लावू नये! मग ती सोय कोणाची?

तिकडचा रिमोटचा इतिहास मौजेचा आहे. झेनिथ कंपनीने 1950 मध्ये तारेने जोडलेला रिमोट काढला. त्या तारेत लोक पाय अडकून पडत. 1955 मध्ये युजीन पॉली यांनी प्रकाशाचा झोत टाकणारे पिस्तूल केले. पण खिडकीतून ऊन आले तरी कार्यक्रम बदले. पुढच्या वर्षी रॉबर्ट अॅडलर यांनी धातूच्या कांड्यांवर हातोडी आपटून माणसाला ऐकू न येणारा नाद काढला. या सगळ्यामागे कंपनीच्या प्रमुखांचा जाहिरातींवरचा राग होता: बसल्या जागेवरून प्रेक्षकाला जाहिरातीचे तोंड बंद करता यावे. म्हणजे हे हत्यार जन्मले ते बाहेरच्या बडबडीविरुद्ध घराच्या हातात. घरातल्या कोणत्या हातात, याचा विचार मात्र करायचा राहिला.

तरीही तो रिमोट खोलीतली वस्तू होता. तो कोचावर पडे, उशीखाली सापडे, त्यावरून पोरे भांडत. भांडता तरी येत होते. पाम ही खिशातली वस्तू. त्याचे जनक जेफ हॉकिन्स यंत्र बनण्यापूर्वी तेवढ्याच आकाराचा लाकडाचा ठोकळा शर्टाच्या खिशात घालून हिंडत, आणि 1996 मध्ये बाजारात आलेले यंत्र त्या खिशाच्या मापाने बेतलेले होते. एका माणसाचे, त्याच्या छातीशी राहणारे. खोलीची गोष्ट एका माणसाच्या खिशात गेली की तो घराबाहेर पडताना खोलीतले काहीतरी घेऊनच पडतो.

आमच्या आजीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. तीही सत्ताच, आणि सुनांना ती पुष्कळ जाचे. त्या काळाचे गोडवे गायचे मला कारण नाही. पण आजी गावाला निघाली की जुडगा थोरल्या सुनेच्या हाती देऊन जाई. आपल्या हाती सत्ता आहे हे तिला पक्के ठाऊक होते, म्हणून ती सोपवायचीही आठवण राही. माझ्या भाच्याला आपल्या हाती सत्ता आहे हे माहीतच नव्हते. त्याला वाटे, आपण सेवा करतो आहोत.

हे मला कळले, कारण मीही तेच केले होते. आईच्या शेवटच्या वर्षांत बँकेतल्या खेपा वाचाव्यात म्हणून तिचे पासबुक मी माझ्याकडे ठेवून घेतले. मागेल तेवढे पैसे वेळेवर देत असे. वर्षभराने शेजारणीच्या नातीला बारशाला काय द्यावे म्हणून ती मला विचारू लागली, रक्कम सुचवून झाल्यावर म्हणाली, “चालेल ना?” तेव्हा मी ‘हो’ म्हटले आणि माझ्या समजूतदारपणावर खूश झाले. आता ते ‘चालेल ना’ आठवले की बरे वाटत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग म्हाताऱ्या माणसांना बटणांच्या जंजाळात सोडून द्यावे काय? नाही. पण शिकवायला वेळ लागतो आणि करून द्यायला लागत नाही. मला वाटते, आपल्या पुष्कळशा सेवेच्या मुळाशी ही घाई असते. आजची यंत्रे निरोप देतात आणि घेतातही. टीव्ही लागलेला आहे की नाही हे आता फोनला कळते. ते पाम आता बनत नाहीत. आंधळ्या खुणेचा तो दोष बराचसा गेला. फोन मात्र खिशातच राहतो, आणि त्याला कुलूप असते.

भाच्याला हे मी इतके नीट सांगितले नव्हते. “खोकं खाली काढ,” एवढेच म्हणाले. तो थोडा दुखावला. “अगं मावशी, चार रिमोट तिला झेपत नव्हते, म्हणूनच केलं ना मी?” खरेच होते ते. खोके मात्र त्याने काढले, बॅटऱ्या घातल्या. सूनबाईने कागदाच्या पट्ट्या चिकटवून त्यांवर मराठीत आकडे टाकले: 1, 2, 3.

रात्री जेवणे झाल्यावर ताई चष्मा लावून बसली. पहिल्यांदा नुसता निळा पडदा आला. भाच्याचा हात पुढे झाला. सुनेने तो धरून खाली ठेवला. ताई पट्ट्या वाचून पुन्हा पहिल्यापासून करू लागली. पाच-सात मिनिटे गेली असतील. मग एकाएकी मेहुण्यांचा आवाज खोलीत घुमला, इतका मोठा की आम्ही सारेच दचकलो. तो कमी कसा करायचा, हे त्या रात्री तिला कोणी सांगितले नाही.