आपल्यातला

मराठवाड्यात भाड्याने खोली मागायला गेलेल्या माणसाचं आडनाव कळलं, गाव कळलं, तरी घरमालक चाचपतच राहतो. शेवटी आतून त्याची बायको विचारते, "आपल्यातलेच ना?" तिथे 'आपल्यातला' या शब्दाचा अर्थ जातच. आणि समलिंगी माणसं एकमेकांची ओळख सांगतात तीही याच शब्दात: "तो आपल्यातलाय." घरात कुणी आपलं न म्हटलेल्याला हा शब्द पहिल्यांदा ऐकताना केवढा धीर येत असेल! पण शब्दाची जुनी खोड जात नाही. आत कोण हे सांगताना तो बाहेर कोण हेही ठरवून टाकतो.

मुंबईत 1990 साली 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगींचं मासिक निघालं, 1994 मध्ये त्यांच्यासाठी हमसफर ट्रस्ट उभा राहिला. चोरून भेटणाऱ्यांना हक्काचा पत्ता मिळाला. तरी 1995 मध्ये समलिंगी बायकांना 'स्त्री संगम' हा आपला वेगळा गट काढावासा वाटलाच.

हिजड्यांच्या परंपरेत तर आपलं करून घेण्याची रीतच आहे. गुरू चेल्याला पदरात घेते, आपल्या डेऱ्यात जागा देते; घराणं मिळतं, म्हातारपणी तोंडात पाणी घालायला कुणीतरी असतं. एवढी माया शहरातल्या कुठल्या संस्थेला जमलेली नाही, असं मला वाटतं. पण त्याच डेऱ्यात निर्वाण, म्हणजे लिंगच्छेद, झालेलीचा मान वेगळा, न झालेल्या अक्वाचा वेगळा. आणि जन्माला मुलगी म्हणून नोंदलेला, पण पुरुष असलेला कुणी आला तर? त्याला पदरात घ्यायची रीतच नाही. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 ला त्यालाही आपली ओळख आपण ठरवण्याचा हक्क दिला. डेऱ्याचं दार मात्र न्यायालयाच्या हातात नसतं.

पुण्यात 2017 च्या प्राइड मोर्चाआधी आयोजकांनी 'सभ्य' कपडे घालून या, असं सांगितलं आणि वाद पेटला. आयोजकांची धास्ती मला कळते. पुणेकर गॅलरीतून बघणार होते. पण सभ्यतेचं ते माप जन्मभर ज्यांच्या अंगाला लावलं गेलं, तेच तर मोर्चाला येणार होते.

आता मराठवाड्यातल्या जालन्याहून वंदे भारतने सातेक तासांत मुंबई गाठता येते. समजा, स्टीलच्या कारखान्यात कामाला असलेला एक पोरगा पैसे साठवून तिथल्या समलिंगी माणसांच्या एखाद्या बैठकीला गेला. इंग्रजी गप्पा त्याने निम्म्या समजून घेतल्या, हसला. शेजारच्याने आपुलकीने नाव विचारलं. त्याने सांगितलं.

"आणि पूर्ण नाव?"