जुन्या गाडीची खरी किंमत

गाडीला सात-आठ वर्षे झाली की घरात चर्चा सुरू होते : ही देऊन नवी घ्यावी का? शोरूमवाले जुन्या गाडीची किंमत वजा करून उरलेली रक्कम हप्त्यांत बसवून देतात. व्यवहार सोपा वाटतो, म्हणूनच निर्णयापूर्वी आपण थांबून विचार करणे अगत्याचे आहे.

इस्लामने सुखसोयी निषिद्ध ठरविलेल्या नाहीत. प्रशस्त घर, सज्जन शेजारी आणि आरामदायी वाहन यांची गणना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सौभाग्यात केली आहे. वृद्ध आईवडिलांना दवाखान्यात नेताना गाडी वाटेत बंद पडत असेल, ब्रेक भरवशाचे नसतील, तर ती बदलणे ही गरजच होय. परंतु गाडी उत्तम चालत असूनही शेजाऱ्याच्या दारातील नवे मॉडेल पाहून ती नकोशी झाली असेल, तर सूरह अत्-तकासुर अर्थासह पुन्हा वाचावी. अधिकाधिक मिळविण्याची चढाओढ माणसाला कबरीपर्यंत गाफील ठेवते, हा तिचा इशारा आहे.

दुसरा प्रश्न पैशाचा. स्वतःच्या वापरातील गाडीवर जकात नाही. मात्र नव्या गाडीसाठी साठविलेली रक्कम निसाबाइतकी असून तिच्यावर वर्ष लोटले, तर अडीच टक्के जकात देणे आलेच. ती रक्कम अपुरी पडते म्हणून व्याजाचे कर्ज काढणे, म्हणजे कुरआनने स्पष्टपणे निषिद्ध केलेल्या गोष्टीत केवळ हौसेपायी पाऊल टाकणे होय.

तिसरा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही : आपली जुनी गाडी कोणाकडे जाणार? शोरूम ती पुढे विकते आणि एखादा कष्टकरी आपली पुंजी ओतून ती घेतो. अपघातानंतर रंग देऊन झाकलेला पत्रा, तेल पिणारे इंजिन, मागे फिरविलेला मीटर, हे सारे त्याच्या गळ्यात पडते.

प्रेषित (स.) यांनी एकदा धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले. मग लोकांना दिसेल असे ते वर का ठेवले नाही, असे विचारून त्यांनी बजावले की, फसविणारा आपल्यापैकी नाही. पाऊस विक्रेत्याच्या हाती नव्हता. ओले धान्य वर ठेवणे मात्र त्याच्या हाती होते.

'त्यांनी गाडी तपासूनच घेतली' ही सबब अल्लाहसमोर चालणार नाही. तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटलेला दोष सांगणे हे आपलेच कर्तव्य आहे. विकणारा व घेणारा खरे बोलले आणि त्यांनी दोष उघड केले, तर व्यवहारात बरकत येते. लपविले तर ती नाहीशी होते, अशी हदीसची शिकवण आहे.

तेव्हा सर्व दोष सांगितल्यावर जुन्या गाडीची जी किंमत येईल, तीच धरून हिशेब मांडावा. व्याजाविना तो जुळला आणि गरजही खरी असेल, तर बिस्मिल्लाह म्हणून नवी गाडी घ्यावी. जुळला नाही, तर जुन्या गाडीची नीट दुरुस्ती करून घ्यावी आणि तिच्यात बसताना अल्लाहचे आभार मानावेत.